कॉलेजच्या अभ्यासासाठी टॅब्लेट : अ‍ॅप कसे निवडावे, कसे वापरावे

प्रस्तावना

नवा टॅब्लेट हाती आला की पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस अ‍ॅप उतरवली जातात. सत्र संपेपर्यंत त्यांतली दोन-तीनच वापरात राहतात, बाकीची नुसती जागा अडवतात. म्हणून या टिपणात लांब यादी दिलेली नाही. अभ्यासातली कोणती कामे टॅब्लेटवर खरोखर सोपी होतात, त्यांना कोणते विनामूल्य साधन पुरते आणि ते घेण्याआधी काय तपासावे, एवढेच पाहू.

१. ‘आकाश’चा धडा

५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट आणला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी. पडदा बोटाने दाबावा लागे आणि अँड्रॉइडचे अधिकृत अ‍ॅप-दुकान त्यात नव्हते. यंत्र स्वस्तात मिळाले, पण त्यावर अभ्यास कसा करायचा हा प्रश्न उरलाच.

११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, दुसरी आवृत्ती आली. तिचा प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा आणि मेमरी ५१२ एमबी होती. या टप्प्यावर आयआयटी मुंबईने शिक्षणाच्या अ‍ॅपवरही काम केले. त्यातले ‘क्लिकर’ अगदी साधे होते. शिक्षकाने बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, साऱ्या वर्गाने टॅब्लेटवर उत्तर द्यायचे आणि किती जणांना समजले ते लगेच कळायचे. टॅब्लेटवर सायलॅब आणि सी भाषेचा सराव करण्याचीही सोय केली गेली.

ती योजना पुढे टिकली नाही, पण तिचा धडा आजही लागू आहे. आधी काम ठरवावे, मग अ‍ॅप शोधावे.

२. तीन कसोट्या

(अ) इंटरनेट नसताना चालते का? बल्लभगडहून कालकाजी मंदिरला मेट्रो बदलून नोएडाला येणाऱ्या विद्यार्थ्याचे रोजचे दोन-अडीच तास प्रवासात जातात. गावाकडच्या विद्यार्थ्याला नेटवर्कचा भरवसा नसतो. अभ्यासाचा मजकूर आधी उतरवून ठेवता आला पाहिजे.

(आ) आपला मजकूर बाहेर काढता येतो का? माझ्या वर्गातल्या एका मुलीने दोन सत्रांची हस्तलिखित टिपणे एका अ‍ॅपमध्ये ठेवली होती. मोफत मुदत संपली आणि पैसे भरल्याशिवाय ती पीडीएफमध्ये काढता येईनात. परीक्षा नऊ दिवसांवर होती. शेवटी पानागणिक पडद्याचे फोटो काढून तिने टिपणे वाचवली. म्हणून नवे अ‍ॅप घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक पान लिहा, ते पीडीएफ करून बाहेर काढा आणि दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. जमले नाही तर ते अ‍ॅप काढून टाका.

(इ) मागते ते त्याला खरेच लागते का? टिपणे लिहिण्याच्या अ‍ॅपला तुमच्या संपर्कयादीचे काम नाही. परवानगी नाकारल्यावर ते चालत नसेल, तर दुसरे शोधा.

३. कामानुसार साधने

व्याख्याने : एनपीटीईएल आणि ‘स्वयम्’ यांवर आयआयटींसह अनेक संस्थांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात, प्रमाणपत्र परीक्षेचे शुल्क मात्र वेगळे असते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक ‘स्वयम्’वरून घेता येतात. आपले कॉलेज ते मान्य करते का, हे नोंदणीआधी विचारावे.

डेटाचा हिशेब स्वतः करायला शिका. सेकंदाला ५०० किलोबिट दराचा व्हिडिओ तासाला १८ लाख किलोबिट, म्हणजे सुमारे २२५ एमबी घेतो. तीस तासांच्या अभ्यासक्रमाला पावणेसात जीबी लागतात. कॉलेजच्या वायफायवर आठवड्यापुरतेच उतरवावे आणि पाहून झालेले पुसावे.

सॉफ्टवेअर शिकणे : आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये पायथन, सी, सायलॅब, लिनक्स यांचे छोटे पाठ आहेत आणि त्यांतले अनेक मराठीतून ऐकता येतात. पाठ टॅब्लेटवर लावावा आणि तीच कृती शेजारच्या संगणकावर करावी. नुसते पाहून प्रोग्रामिंग येत नाही.

पुस्तके : आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात अनेक भारतीय भाषांतील साहित्य शोधता येते.

गणित : जिओजेब्रामध्ये समीकरण टाकून सहगुणक बदलत जा. आलेख कसा हलतो ते डोळ्यांनी दिसते.

प्रयोग : आयआयटी दिल्लीच्या समन्वयाने चालणाऱ्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ ब्राउझरमध्ये उघडतात. खरे मोजमाप करायचे असेल तर ‘फायफॉक्स’ घ्या. त्यातले आवाजावर चालणारे स्टॉपवॉच दोन आवाजांमधला काळ मोजते. टेबलाच्या कडेबाहेर आलेल्या पट्टीवर लोखंडी गोळी ठेवा आणि पट्टीला आडवा टोला द्या. टोल्याचा पहिला आवाज, गोळी जमिनीवर पडल्याचा दुसरा. गुरुत्वीय त्वरण = २ × उंची ÷ काळाचा वर्ग. उंची १.२५ मीटर असेल तर काळ सुमारे ०.५०५ सेकंद यायला हवा. काळात ०.०१ सेकंदाची चूक झाली तर उत्तरात सुमारे ४ टक्के चूक होते, कारण काळाचा वर्ग आहे. यासाठी फक्त मायक्रोफोन लागतो. जायरोस्कोपवरचे प्रयोग मात्र अनेक स्वस्त टॅब्लेटवर होत नाहीत.

उजळणी : ‘अँकीड्रॉइड’मध्ये प्रश्न-उत्तरांची कार्डे करता येतात. जे आठवते ते उशिरा आणि जे विसरते ते लवकर पुन्हा समोर येते. कार्डे स्वतःच्या शब्दांत करा. दुसऱ्याने केलेली हजार कार्डे उतरवण्यापेक्षा स्वतःची पन्नास बरी.

सारांश

प्रत्येक कामाला एकच अ‍ॅप ठेवा आणि टिपणांची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या ठिकाणी ठेवा. गणिते मात्र वहीतच सोडवा, कारण परीक्षा बहुधा कागदावरच असते.

स्वाध्याय

१. आपल्या टॅब्लेटवरील अ‍ॅपना वरील तीन कसोट्या लावून तक्ता करा.
२. सेकंदाला ८०० किलोबिट दराच्या व्हिडिओला तासाला किती डेटा लागेल?
३. गोळीचा प्रयोग पाच वेळा करा, सरासरी काढा आणि चुकीची कारणे लिहा.