बारा क्विंटल पंच्याऐंशीतले पंच्याऐंशी किलो जातात कुठे?

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर लाल आकड्यांवर खिळते. तेच वजन केबलमधून संगणकात घेता येते. त्यासाठी लॅबव्ह्यूसारखे साधन वापरतात. १९८६ साली आलेल्या या साधनात ओळी टाइप न करता ब्लॉक आणि वायर जोडून प्रोग्रॅम बांधतात. नवा विद्यार्थी मात्र पहिल्याच दिवशी अडतो: काटा १२८५ किलो दाखवतो आणि पडद्यावर येते शून्य. मग केबल बदल, काटा तपास, असे सुरू होते. दोन्ही ठणठणीत असतानाही हे घडते, आणि त्यामागे काही ठरावीक गैरसमज असतात.

पहिला गैरसमज असा, की काटा संख्या पाठवतो. या केबलवरून सहसा येतात ती अक्षरे. संगणकाच्या लेखी ‘1’ हे अक्षर म्हणजे सांकेतिक क्रमांक ४९ आणि ‘2’ म्हणजे ५०. वायर जुळत नाही म्हणून मध्ये ‘टाइप कास्ट’चा ब्लॉक घातला, तर ‘1234’ या चार अक्षरांची ८२,५३,७३,४९२ अशी संख्या होते. तो ब्लॉक मजकूर वाचत नाही, त्याचे बाइट जसेच्या तसे संख्या म्हणून मांडतो.

दुसरा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो: शून्य आले म्हणजे वजन शून्य. अनेक काटे वजनाच्या आधी ते स्थिर आहे की हलते आहे हे सांगणारी अक्षरे पाठवतात. ‘फ्रॅक्ट/एक्स्प स्ट्रिंग टू नंबर’ हा ब्लॉक पहिल्याच अक्षराशी थांबतो आणि ठरवून दिलेले मूल्य, म्हणजे शून्य, पुढे करतो. चूक झाल्याचे तो सांगत नाही. म्हणून त्या जागी शून्याऐवजी ‘नॉट अ नंबर’ जोडावे. वाचन कुठवर पोहोचले हे ‘ऑफसेट पास्ट नंबर’ या टोकावर दिसते. ‘स्कॅन फ्रॉम स्ट्रिंग’ त्या मानाने स्पष्टवक्ता आहे. मजकूर अपेक्षित साच्यात नसेल तर तो त्रुटी क्रमांक ८५ देतो. त्रुटीची वायर मोकळी सोडू नये.

‘डेसिमल’ नावाचा ब्लॉक दशांश वाचत असणार, असेही अनेकांना वाटते. ‘डेसिमल स्ट्रिंग टू नंबर’ फक्त पूर्णांक वाचतो आणि टिंबापाशी थांबतो. पावतीच्या फाइलमध्ये १२.८५ क्विंटल लिहिले असेल तर हाती १२ येतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या दराने गळालेल्या पंच्याऐंशी किलोंचे ६,३९२ रुपये ८५ पैसे होतात. स्वल्पविरामही असाच दगा देतो: ‘1,25,000’ वाचताना पहिल्या स्वल्पविरामाशी वाचन थांबते आणि उरतो एक. म्हणून स्वल्पविराम आधी काढून टाकावेत. संगणकाच्या सेटिंगमध्ये युरोपातला एखादा देश निवडलेला असेल, तर दशांशचिन्ह म्हणून टिंबाऐवजी स्वल्पविरामच धरला जाऊ शकतो.

मजकूर एकदम पूर्ण येतो, हाही भ्रमच. ‘बाइट्स अ‍ॅट पोर्ट’ विचारून त्या क्षणी जेवढे आले तेवढेच उचलले, तर १२८५ चे एकदा १२ आणि पुढच्या वेळी ८५ हाती लागतात. दोन्ही संख्या वैध, दोन्ही खोट्या. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत थांबणे हाच यावरचा उपाय आहे.

आणि मराठी पावतीवरचे देवनागरी अंक? आपल्याला ते सहज वाचता येतात, या ब्लॉकना येत नाहीत. संगणकात त्यांचे क्रमांक इंग्रजी अंकांपेक्षा वेगळे असतात. ते आधी बदलून घ्यावे लागतात.

प्रोग्रॅम बांधायला बसण्याआधी आलेला मजकूर ‘बॅकस्लॅश कोड्स डिस्प्ले’मध्ये उघडून पाहा; रिकाम्या जागा, ओळीचा शेवट, लपलेली चिन्हे सगळी दिसतील. मग ज्यांचे वजन ठाऊक आहे अशी वजने काट्यावर ठेवा आणि दहा-वीस नोंदी हाताने ताडून घ्या. त्या जुळल्याशिवाय शेतकऱ्याच्या मालाची एकही पावती त्या प्रोग्रॅममधून काढू नका.