अब्बू खाँची बकरी, पुन्हा एकदा

दर शनिवारी सकाळच्या शाळेत सहावीच्या वर्गाला एक तास अवांतर वाचनाचा असतो. पुस्तक शिक्षकानं निवडायचं, मोठ्यानं वाचायचं आणि मुलांनी ऐकायचं. परीक्षा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. गेल्या जुलैमध्ये या तासासाठी आम्ही ‘अब्बू खाँ की बकरी’ काढली. डॉ. झाकिर हुसैन यांची ही गोष्ट आम्हाला जवळजवळ पाठ होती, निदान तसा आमचा समज होता. तरी आदल्या रात्री जेवणं झाल्यावर एकदा नजर घालावी म्हणून पुस्तक उघडलं, आणि ज्या जागी आवाज अडकला ती जागा लहानपणी कधी लक्षातही आली नव्हती.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत उर्दू बोलली जाते, पण वाचली जात नाही. त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. हिमालयातल्या अलमोड्याला अब्बू खाँ नावाचे एक म्हातारे राहतात. बायको नाही, मूलबाळ नाही, सोबतीला फक्त बकऱ्या. पण नशीब असं की प्रत्येक बकरी एक ना एक दिवस दावं तोडून डोंगरावर पळते आणि तिथला लांडगा तिला खातो. आता बकरी पाळायची नाही असं ठरवूनही एकटेपणा खायला उठतो म्हणून ते एक लहान, पांढरीशुभ्र बकरी आणतात. तिचं नाव चाँदनी. तिला चांगलं लांब दावं, भरपूर चारा, कुंपणाचं शेत, सगळं देतात. काही दिवसांनी तिचं खाण्यावरून मन उडतं. ती सांगते, मला डोंगरावर जाऊ द्या. अब्बू खाँ समजावतात, लांडग्याची भीती घालतात, तिच्यासारख्याच एका शूर बकरीची हकीगत ऐकवतात, जी रात्रभर लढली आणि सकाळी मारली गेली. चाँदनी ऐकत नाही. मग ते तिला कोठडीत कोंडतात, पण रागाच्या भरात खिडकी लावायची राहते. चाँदनी डोंगरावर जाते. दिवसभर ती आयुष्यात कधी नव्हती एवढी सुखी असते. संध्याकाळ होते, लांडगा येतो आणि ती पहाटेपर्यंत लढते.

आम्हा भावंडांना ही गोष्ट अम्मी वाचून दाखवायची, तीही बहुधा बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात. आता मागे वळून पाहिलं तर तिची ही निवड जरा धाडसाचीच म्हणायला हवी. अंगणात खुंट्याला ईदचा बकरा बांधलेला, आम्ही त्याला बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला चारतोय, आणि आत अम्मी चाँदनीची गोष्ट वाचतेय. एका वर्षी धाकट्या भावानं रात्री उठून बकऱ्याचं दावं सोडलं. बकरा कुठेही गेला नाही. सकाळी ओसरीवर अब्बांच्या चपलेचा पट्टा चावत बसला होता.

त्या वयात आम्ही सगळे चाँदनीच्या बाजूचे होतो. लांडगा वाईट होताच, पण खरा राग अब्बू खाँचा यायचा. एवढं ती म्हणतेय तर सोडत का नाहीत हिला? कोंडतात कशाला?

या वेळी आवाज अडकला तो चाँदनीच्या मरणापाशी नाही. ती जेव्हा पहिल्यांदा म्हणते की मला डोंगरावर जायचंय, तेव्हा अब्बू खाँ धार काढत असतात आणि धक्क्यानं त्यांच्या हातातलं दुधाचं भांडं पडतं. तूही, असं काहीसं त्यांच्या तोंडून निघतं. बस, एवढंच. लहानपणी हे वाक्य आम्ही ओलांडून पुढे पळायचो, कारण पुढे डोंगर होता, लांडगा होता. आता त्या सांडलेल्या दुधापाशीच थांबलो. त्याला कारण आहे, ते पुढे सांगतो.

आधी या गोष्टीच्या कुळाविषयी. ही मुळात आपल्याकडची नाही, हे आम्हाला चाळिशीत कळलं. अल्फोन्स दोदे नावाच्या फ्रेंच लेखकानं १८६६ मध्ये ही गोष्ट एका वर्तमानपत्रात लिहिली आणि १८६९ मध्ये ती त्याच्या पवनचक्कीवरून लिहिलेल्या पत्रांच्या पुस्तकात आली. तिथे मालक सेगँ नावाचे गृहस्थ आहेत, बकरीचं नाव ब्लाँकेत आहे आणि ती त्यांची सातवी बकरी आहे. दुधाचं भांडं, कोंडणं, उघडी राहिलेली खिडकी, रात्रभराची झुंज, हे सगळं तिथेही आहे. दोदे १८९७ च्या डिसेंबरमध्ये वारला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हैदराबादेत झाकिरसाहेबांचा जन्म झाला होता. हा नुसता योगायोग, पण आम्हाला आवडला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा कळलं की झाकिरसाहेबांनी नुसतं भाषांतर केलेलं नाही. दोदेनं ती गोष्ट पॅरिसमधल्या ग्रँग्वार नावाच्या एका फाटक्या कवीला उद्देशून सांगितली आहे. कवीला एका चांगल्या वर्तमानपत्रात पगाराची नोकरी मिळतेय आणि तो ती नाकारतोय. दोदे म्हणतो, मोकळं राहायचंय ना तुला, मग ऐक त्या बकरीचं काय झालं ते. म्हणजे मुळात ही गोष्ट इशारा आहे. दाव्याला राहा, पोटभर खा, नाहीतर लांडगा आहेच.

झाकिरसाहेबांनी हा कवी काढून टाकला. आणि ते काढणारच. ते स्वतः कोण होते पाहा. १९२० मध्ये अलीगढमध्ये विद्यार्थी असताना सरकारी मदतीचं कॉलेज सोडून जामिया मिल्लिया उभी करणाऱ्यांत ते होते. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतले आणि डबघाईला आलेल्या जामियाचे कुलगुरू झाले. १९२८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वीस वर्षं जामियाची सेवा करण्याची आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त न घेण्याची शपथ घेतली. दोदेचा सल्ला मानला असता तर ही सगळी माणसं कुठेतरी लठ्ठ पगारावर सुखात राहिली असती. ज्यांनी दावं आपल्या हातानं तोडलं, ते मुलांना दाव्याचं कौतुक कसं सांगणार?

म्हणून त्यांच्या चाँदनीला लांडग्याला मारता येणार नाही हे पक्कं माहीत आहे. तरी ती लढते, कारण जिंकणं-हरणं अल्लाहच्या हाती, आपल्या हाती मुकाबला. दोदेच्या गोष्टीत पहाटे दूरच्या वाडीवरचा कोंबडा आरवतो. इथे खालच्या वस्तीतल्या मशिदीतून फजरची अजान येते. चाँदनी अल्लाहचे आभार मानते, मला जमलं तेवढं मी केलं, आता तुझी मर्जी, आणि अजान संपता संपता पडते. कोंबड्याच्या जागी अजान आली आणि इशाऱ्याची गोष्ट शहादतीची झाली. एवढा लहान बदल आणि त्याचा एवढा मोठा परिणाम आम्ही दुसऱ्या कुठल्या बालकथेत पाहिलेला नाही.

शेवटी झाडावरच्या पाखरांत वाद होतो की जिंकलं कोण. सगळी म्हणतात लांडगा, एक म्हातारं पाखरू म्हणतं चाँदनी. हे पाखरू दोदेकडे नाही, ते झाकिरसाहेबांचं. खरं सांगायचं तर आज वाचताना त्यात थोडा मास्तर दिसतो. धडा संपल्यावर आशय फळ्यावर लिहायचा मोह आम्हालाही आवरत नाही. तरीही ते पाखरू काढून टाका असं कुणी म्हटलं तर आम्ही भांडू.

बी.एड.ला असताना झाकिरसाहेब आम्ही पाच मार्कांसाठी पाठ केले होते. १९३७ ची वर्धा परिषद, गांधीजींची नयी तालीम, अभ्यासक्रम ठरवणारी झाकिर हुसैन समिती. पुढे १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १९६७ मध्ये राष्ट्रपती. समितीचा अध्यक्ष आणि चाँदनीचा बाप एकच, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. आलं नाही याला आणखी एक कारण आहे. या गोष्टी पहिल्यांदा छापल्या तेव्हा त्यांवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नव्हतं. नाव होतं रुकय्या रेहाना, त्यांच्या लेकीचं. जामियाची जुनी माणसं एक प्रसंग सांगत आली आहेत. शाळेच्या कार्यक्रमात झाकिरसाहेब लहान मुलांना मिठाई वाटत होते. शिपायानं येऊन कानात सांगितलं की आजारी असलेली लहानगी रेहाना गेली. चेहरा पांढरा पडला, पण ते वाटत राहिले. मुलांचा आनंद मोडू नये म्हणून. हा प्रसंग माहीत असताना ते सांडलेलं दूध वाचून पाहा.

आता आमचं कारण. मोठी मुलगी यंदा बारावी झाली. तिला पुण्याला शिकायचंय, होस्टेलवर राहून. मार्कं आहेत, कॉलेज चांगलं आहे, फीची सोय ओढाताणीनं का होईना होईल. आम्ही दोघांनी मिळून नाही म्हटलं होतं. इथे काय कमी आहे? जिल्ह्याच्या गावी कॉलेज आहे, बस दारातून जाते. हवं तर स्कूटी घेऊ. दोन आठवडे ती जेवायची, पण बोलायची नाही. त्या रात्री पुस्तक हातात घेतल्यावर दिसलं की अब्बू खाँ अगदी हेच विचारतात. चारा कमी पडतो का? दावं आखूड आहे का, लांब करू? आमची स्कूटी म्हणजे लांब केलेलं दावंच की. अम्मीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, “अब्बू खाँ चुकले असं मी कधी म्हटलं होतं का रे? मी तुम्हाला वाचून दाखवायचे तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी कुणासाठी यायचं, तुम्हाला काय ठाऊक!”

लांडगा खोटा नाही. शहरात एकट्या मुलीला काय सोसावं लागतं, नाव ऐकून खोली नाकारणारे कसे भेटतात, हे आम्हाला चांगलं माहीत आहे. गोष्ट आवडते म्हणून लेकीला डोंगरावर सोडून द्यावं आणि म्हाताऱ्या पाखरासारखं शाबासकी द्यायला झाडावर बसावं, हे आमच्यानं होणारं नव्हतं.

शनिवारी वर्गात गोष्ट वाचली. अजानीच्या जागी सगळा वर्ग चिडीचूप झाला. मग आम्ही न राहवून विचारलंच, जिंकलं कोण? बहुतेक हात चाँदनीसाठी वर गेले. चारपाच मुलं लांडग्यावर ठाम राहिली, शेवटी खाल्लं तर त्यानंच, सर. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीपुरतीच बोलते, तिनं हात वर केला नव्हता. तिला विचारलं तर म्हणाली, “सर, अब्बू खाँ को मालूम था ना भेड़िया है? फिर वो लकड़ी लेके उसके साथ क्यों नहीं गए?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दोदेकडेही नाही, झाकिरसाहेबांकडेही नाही. त्या रात्री अब्बू खाँ काय करत होते, झोपले का, सकाळी डोंगराकडे गेले का, याबद्दल गोष्ट एक शब्द बोलत नाही. एवढ्या वर्षांत आम्हाला हे विचारावंसं वाटलं नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली, आणि ती मुलगी दप्तर आवरायला लागली.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीची तीन तिकिटं काढली. होस्टेल पाहिलं, रेक्टरबाईंशी बोललो, मेसमध्ये जेवलो. डाळ पातळ होती. जवळची मशीद, जवळचा दवाखाना, पोलीस चौकी, बस स्टॉप, सगळं पायी फिरून पाहिलं. मुलगी पुढे चालत होती, आम्ही दोघं मागे. महिन्यातून एकदा आमच्यापैकी कुणीतरी जाऊन येतो. परवा तिनं फोनवर विचारलं, ते पुस्तक पाठवता का, खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवायचंय, तिला उर्दू येत नाही. पुस्तकाची पाठ सुटलेली आहे. आधी शिवून घ्यावं लागेल.