आधी भाजणी, मग एंझाइम

ब्रॉयलरच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा ६५ ते ७० टक्के असतो. मका आणि सोयापेंड हे त्या खाद्याचे दोन खांब. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी, सेलू या पट्ट्यात सोयाबीन, कपाशी आणि तूर ही मुख्य पिकं. म्हणजे सोयापेंड, सरकीची ढेप आणि तुरीची चुनी यांचा कच्चा माल घरचाच. अलीकडे या मालाच्या जोडीला एंझाइमच्या पुड्या आल्या आहेत. टनाला काहीशे ग्रॅम पुडी मिसळली की हलका मालही पचून जातो, असा एक सोयीचा समज त्यांच्यासोबत पसरला. वस्तुस्थिती वेगळी आहे. दाण्यावर आधी झालेली प्रक्रिया नीट असेल तरच एंझाइम मोबदला देतं. बिघडलेली प्रक्रिया ते दुरुस्त करत नाही.

सोयाबीनचंच घ्या. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य निकामी करणारे घटक असतात. ते पोटात गेले की प्रथिनं न पचता बाहेर पडतात, स्वादुपिंड सुजतं, वाढ खुंटते. वाफेची उष्णता त्यांना मोडते. पण ताव जास्त झाला तर लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल साखरेशी बांधलं जातं आणि कोंबडीच्या उपयोगाचं राहत नाही. चकलीच्या भाजणीसारखंच हे, कच्ची राहून चालत नाही आणि करपून तर मुळीच नाही. पारख अवघड नाही. युरिया आणि फिनॉल रेड यांच्या द्रावणात थोडी दळलेली पेंड बशीत पसरून ठेवायची. पाचेक मिनिटांत मोजके लाल ठिपके उमटले तर पेंड बेताची भाजली आहे. सगळी बशी लाल झाली तर कच्ची, आणि बराच वेळ एकही ठिपका उमटला नाही तर ती जास्त भाजल्याचा संशय घ्यावा. करपलेपणाची खात्री मात्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधल्या प्रथिनांच्या विद्राव्यतेवरून होते. ती साधारण ७८ ते ८५ टक्के असावी. करपलेलं लायसिन कोणतंही एंझाइम परत आणत नाही, आणि कच्च्या पेंडीतला दोष प्रोटिएझ हे प्रथिनं फोडणारं एंझाइम फार तर थोडा सौम्य करतं.

मग एंझाइमचं काम कोणतं? सर्वांत भक्कम पुरावा फायटेझचा आहे. मका आणि सोयाबीनमधलं जवळजवळ दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेलं असतं आणि कोंबडीपाशी ते सोडवण्याची ताकद अपुरी. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये फायटेझ बाजारात आलं, ते विष्ठेतून जमिनीत साचणाऱ्या फॉस्फरसवर तोड म्हणून. आपल्याकडे त्याचा फायदा महागड्या डायकॅल्शियम फॉस्फेटची (डीसीपी) मात्रा कमी होण्यात दिसतो. झायलानेझ आणि बीटा-ग्लुकानेझ यांची कीर्ती मात्र युरोपातल्या गहू-बार्लीच्या खाद्यावर उभी आहे. ती धान्यं आतड्यात चिकट रस धरतात, मका तसा धरत नाही. त्यामुळे तिथले आकडे मक्याच्या खाद्याला जसेच्या तसे लावणं चूक. खाद्यात काय आहे ते पाहून एंझाइम निवडायचं. पुडीवरची जाहिरात पाहून नव्हे.

दुसरी अडचण पेलेटची, म्हणजे दाबून केलेल्या गोळी खाद्याची. एंझाइम हेही प्रथिनच. पेलेट करण्यापूर्वी वाफेवर खाद्य ८० ते ८५ अंशांपर्यंत तापतं आणि साधं एंझाइम तिथेच मरतं. म्हणून आवरण दिलेलं एंझाइम वापरावं, किंवा पेलेट थंड झाल्यावर द्रवरूपात फवारावं. मग मॅशच, म्हणजे नुसतं दळलेलं खाद्य, का देऊ नये, असं कुणी विचारेल. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पक्षी खाणं कमी करतो. पेलेटमुळे कमी वेळात, कमी हालचालीत आणि कमी सांडून जास्त खाद्य पोटात जातं. मात्र मका पिठासारखा बारीक दळू नये; थोडा जाडसर असला की पेषणीला काम मिळतं आणि पचन सुधारतं.

सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल आहे. त्याला लोहाचे क्षार बांधतात, नेहमीची एंझाइमं नाहीत. म्हणून तिचा वापर मर्यादितच हवा. करार पद्धतीत खाद्य कंपनीचंच येतं, मग शेतकऱ्यानं ही उठाठेव का करावी, हा आक्षेप रास्त वाटतो. पण लॉटचा हिशेब एफसीआरवर, म्हणजे किलोभर वाढीला किती खाद्य लागलं यावर होतो आणि कच्च्या पेंडीनं ओला झालेला लिटर (जमिनीवरचा तुसाचा थर) त्याच्याच शेडमध्ये असतो. दुसरा आक्षेप सोयाबीन उत्पादकाचा: पचन सुधारलं तर पेंड कमी लागेल आणि भाव पडेल. पण पेंडीचा खरा स्पर्धक वेगळाच आहे. २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेल्यावर केंद्रानं १२ लाख टन जनुकबदल सोयापेंडीच्या आयातीला वाट दिली. आता इथेनॉल कारखान्यांची स्वस्त डीडीजीएस, म्हणजे धान्याची उरलेली वाळवलेली चोथी, खाद्यात शिरते आहे. तिच्यात लायसिन कमी, आणि मूळ धान्यातलं अफ्लाटॉक्सिन सुमारे तिपटीनं एकवटलेलं. सोयापेंडीची सरशी आहे ती पचणाऱ्या लायसिनमध्ये, आणि ते टिकतं तेल गिरणीतल्या तावावर. पेंडीचा सौदा केवळ प्रथिनांच्या टक्क्यावर न करता युरिएझ (लाल ठिपक्यांची चाचणी याच एंझाइमची) आणि विद्राव्यतेचे आकडेही मागितले, तर उत्तम भाजणाऱ्या गिरणीला जादा दर मिळेल आणि एंझाइमवर केलेला खर्चही वाया जाणार नाही.