पिकतें तेथें विकत नाहीं

जो उत्तम खेळतो तोच उत्तम शिकवितो, अशी आपली समजूत असते. जॉर्ज रेनर यांचें चरित्र ती खोटी ठरवितें. १९०७ सालीं यॉर्कशायरमध्यें जन्मलेले रेनर मॅन्सफील्ड, रॉदरहॅम, बरी, अल्डरशॉट अशा दुय्यम संघांतून फुटबॉल खेळले. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांत त्यांना कधींच स्थान मिळालें नाहीं. १९४६ सालीं ते स्वीडनच्या संघाचे शिक्षक झाले. १९४८ सालीं त्यांच्या शिष्यांनीं लंडनला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलें. १९५८ सालीं ते विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचले. एवढें यश घेऊन मायदेशीं परतलेल्या गुरूच्या वांट्याला काय आलें? स्केग्नेस या समुद्रकांठच्या लहानशा गांवचा संघ! १९५९ सालीं त्याच स्वीडननें वेम्ब्लीवर इंग्लंडला ३-२ असें हरविलें. शिक्षकाची पारख शिष्यांच्या खेळावरून करावी, हा धडा इंग्लंडला घरबसल्या मिळाला.