दुकानातला टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतो तेव्हा

नाशिकजवळचे एकलहरे हे गाव राज्यभर विजेमुळे ओळखले जाते. येथील औष्णिक केंद्रातील २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. परंतु विजेच्या या गावात असो की मालेगावच्या यंत्रमागांच्या गल्लीत, टीव्हीचा पडदा काळा पडून ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आली की व्यापारी सारखाच गोंधळतो. दुकानातला टीव्ही आता केवळ करमणुकीसाठी नसतो. गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवणे आणि कॅमेऱ्यांवर नजर ठेवणे ही कामे तो करतो. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात, ऐन गर्दीत तो बंद पडला तर नुकसान कारोबाराचे होते.

दोष ओळखण्यासाठी एचडीएमआय वायर काय करते ते आधी समजून घ्यावे. ही पद्धत सात कंपन्यांनी मिळून २००२ साली आणली. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात. तिच्या टोकाला १९ पिना असतात. ताण्याचा एक धागा तुटला तरी कापडात लांबवर खोट दिसते, तसेच येथे आहे. शिवाय चित्र पाठवण्याआधी दोन्ही यंत्रांत बोलणी होतात. टीव्ही आपला पन्हा सांगतो आणि बॉक्स त्या मापाचे चित्र पाठवतो. बोलणी फिसकटली की पडदा काळा. टीव्ही खराब झालाच असे नव्हे.

म्हणून तपासणी क्रमाने करावी. प्रथम रिमोटवरील सोर्स किंवा इनपुटचे बटण दाबून, वायर ज्या खाचेत आहे तोच क्रमांक निवडला आहे ना, ते पाहावे. मग टीव्ही आणि बॉक्स दोन्ही भिंतीवरील बटणापासून बंद करावेत, वायर दोन्ही टोकांनी काढून नीट बसवावी आणि पाच मिनिटांनी आधी टीव्ही, नंतर बॉक्स चालू करावा. तरीही चित्र आले नाही तर शेजाऱ्याची चालू वायर लावून बघावी, नंतर टीव्हीची दुसरी खाच, नंतर दुसरा बॉक्स. एका वेळी एकच वस्तू बदलावी, म्हणजे दोष कोणाचा ते आपोआप कळते.

चित्रात ठिपके चमकत असतील किंवा चित्र मध्येच जात असेल तर बहुधा वायर दोषी असते. साधी वायर दहा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. चित्र आहे पण आवाज नाही, असे असेल तर बॉक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडून पाहावे.

कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे चित्र ‘फोर के’ वर ठेवलेले असेल तर जुना टीव्ही ते घेऊ शकत नाही. छत्तीस इंची मागावर अठ्ठावन्न इंची कापड कसे निघणार? बहुतेक डीव्हीआरला व्हीजीएची खाच असते. तेथे जुना मॉनिटर जोडून रिझोल्यूशन कमी करावे. हेही लक्षात ठेवावे की पडदा काळा असला तरी डीव्हीआर ठीक असेल तर रेकॉर्डिंग चालूच राहते. मोबाइलवरून खात्री करून घ्यावी. दुकानात चोरी झाली असेल तर टीव्ही दुरुस्त होण्याची वाट पाहू नये, कारण हार्ड डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. अशा वेळी ‘फॉरमॅट’ तर कोणालाही करू देऊ नये.

खाच जळण्यापासून वाचवायची तर वायर नेहमी वीज बंद करूनच लावावी. बॉक्सच्या धातूला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावे. वीज कडाडू लागण्यापूर्वीच सर्व प्लग काढून ठेवावेत.

दुरुस्तीचे काम करणाऱ्या बंधूंना एक विनंती. वायरीच्या दोषासाठी ‘बोर्ड गेला’ असे सांगून पैसे घेणे ही तिजारत नव्हे. कुरआनातील ८३व्या सूरहचे नावच माप मारणाऱ्यांवरून आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड शिकवला जातो. आपल्या मुलांनी तो शिकावा आणि गिऱ्हाइकासमोर वायर बदलून दोष दाखवावा. अशा कारागिराकडे लोक पुन्हा येतात, आणि बरकतही त्यातच आहे.