कावेरीकाठचा ‘पाईन’

कावेरीच्या तीरावरील तिरुवैयारु हे गाव संत त्यागराजांच्या समाधीमुळे सर्वांस परिचित आहे. पौष वद्य पंचमीच्या आराधनेसाठी तेथे गेलात, तर भोवतीची भातशेते व नारळाच्या बागा पाहून डोळे निवतील. अशा अंगणात पाईन लावावा, असे एखाद्या हौशी गृहस्थास वाटले तर? हिमालयातील चीड किंवा कोडाईकनालच्या डोंगरावरील पाईन या सखल, उष्ण प्रदेशात सुखाने नांदत नाही. पण निराश होऊ नका. त्याची हौस भागविणारे एक झाड तुमच्या परिचयाचे आहे. ते म्हणजे सुरू!

कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बने आपण पाहिली असतील. तमिळ लोक त्याला सवुक्कु म्हणतात. सुरू पाईनच्या कुळातला नव्हे. ज्यांना आपण सुया समजतो, त्या वस्तुतः पेरे असलेल्या कोवळ्या काड्या होत. खरी पाने पेरांवरील इवल्याशा खवल्यांएवढीच असतात. मात्र वाऱ्याने उठणारी त्याची सळसळ पाईनचीच आठवण करून देते.

याचे बी फार हलके असते. ते वाळूत मिसळून वाफ्यात पेरावे व झारीने हळुवार पाणी द्यावे. मुंग्यांवर लक्ष ठेवावे, नाहीतर त्या बी वाहून नेतात! जुन्या सुरूखालची थोडी माती वाफ्यात अवश्य मिसळा. त्या मातीतील सूक्ष्म जीव मुळांवर गाठी तयार करतात व हवेतील नत्र झाडास मिळवून देतात. म्हणूनच हे झाड निकस वाळूतही वाढते.

रोप हातभर उंच झाले की कायम जागी लावावे. तंजावर भागात ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ती वेळ सोयीची. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे. पण मुळाशी पाणी साचू देऊ नये. कावेरीकाठच्या चिकण गाळात ही चूक सहज घडते, म्हणून उंचवटा करून लावणे बरे. सालीवर फोड येऊन आत काळी भुकटी दिसली, तर तो घातक बुरशीरोग समजावा आणि असे झाड मुळासकट काढून जाळावे.

आणखी एक सूचना. झाड घराला खेटून लावू नका. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गाजा’ चक्रीवादळाने तंजावर व नागपट्टणम भागात असंख्य वृक्ष उन्मळून टाकले. सुरू झपाट्याने उंच होतो. तेव्हा पूर्ण वाढलेले झाड पडले तरी छपरापर्यंत पोहोचणार नाही, एवढे अंतर आजच राखा. अंगण लहान असेल, तर सुरूचे कुंपण करून ते नियमित छाटत जा.

आपल्या मातीला मानवेल ते लावावे, यातच खऱ्या हौसेचे चीज आहे.