सोमवारी बाजाराला, रविवारी शर्यतीला

सहा दिवस राबायचे आणि सातव्या दिवशी मिरवायचे, हे आपल्या खेड्यापाड्यांत पूर्वापार चालत आलेले आहे. बैलगाडा शर्यतीसाठी पश्चिम महाराष्ट्राने केवढा लढा दिला! २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती कायम केली. शर्यतीच्या बैलाला घरच्या पोरासारखे जपणाऱ्या माणसाला हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा कधीच वाटला नाही.

बैलांच्या जागी यंत्र आले तरी माणसाची ही हौस काही सुटली नाही. म्हैसूरच्या एका फटफटीची आणि ऑस्ट्रेलियातल्या एका मालगाडीची कहाणी नेमकी हेच सांगते.

म्हैसूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा, दसऱ्याचा हत्ती, चंदन आणि म्हैसूरपाक येतो. पण ज्यांचे तारुण्य साठ-सत्तरच्या दशकांत गेले, त्यांना म्हैसूरची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे ‘जावा’. मुंबईच्या इराणी कुटुंबातील रुस्तुम आणि फारूख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीशी करार केला आणि १९६०-६१ मध्ये म्हैसूरच्या यादवगिरी भागात ‘आयडियल जावा’चा कारखाना उभा राहिला. मूळ जावाची स्थापना फ्रान्टिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये केली होती. यानेचेक आणि ‘वाँडरर’ या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव झाले. जावा बेटाशी त्याचा काही संबंध नाही, हे अनेकांना आजही ठाऊक नसते! पुढे १९७३-७४ च्या सुमारास गाडीचे नाव ‘येझदी’ झाले. इराणमधील याझ्द या झरतुष्ट्री परंपरेच्या शहरावरून ते आले, असे सांगतात.

अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, आणि किक मारायचा दांडा तोच गिअर टाकायचाही! दांडा आत दाबून वर वळवायचा, किक मारायची, गाडी चालू झाली की तोच खाली आणून गिअर टाकायचा. नवख्या माणसाची या खेळात चांगलीच फजिती होई. पण एकदा जमले की गाडी वर्षानुवर्षे साथ देई. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे गावात शिरणारी जावा-येझदी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी पाहिली आहे. तिचा ‘डुग डुग डुग’ आवाज ऐकून गृहिणी पातेले घेऊन दाराशी यायच्या.

हवाई धावपट्टीवरची जत्रा

हीच गाडी शर्यतीत उतरे. चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक हवाई धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे शर्यती भरवायला सुरुवात केली आणि कित्येक वर्षे देशातल्या मोटारशर्यतींची ती पंढरीच ठरली. खास शर्यतीसाठी बनवलेली यंत्रे तेव्हा आपल्याकडे मिळत नसत. परदेशी गाडी आयात करणे सामान्यांच्या आवाक्यातले नव्हते. मग काय, घरची येझदी, राजदूत नाहीतर बुलेट घ्यायची, मडगार्ड, दिवे, स्टँड काढून टाकायचे आणि निघायचे.

टू-स्ट्रोक इंजिनाची गंमत अशी, की त्यात व्हॉल्व्हची भानगड नसते. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून, म्हणजे पोर्टमधून, ताजे मिश्रण आत येते आणि जळका धूर बाहेर जातो. या खिडक्या कानशीने थोड्या उंच, थोड्या रुंद केल्या, कार्बोरेटरचे जेट बदलले, सायलेन्सरचा आकार बदलला, की तेच इंजिन वेगळ्याच सुरात बोलू लागते. मात्र कानस एक मिलिमीटर जास्त फिरली तर सिलिंडर वाया! हात आणि कान हेच कारागिराचे मापयंत्र. म्हणून गल्लीतल्या गॅरेजमधला हुशार मेकॅनिकही शर्यतीचे इंजिन बांधू शकत होता. आजच्या संगणकावर चालणाऱ्या इंजिनांच्या बाबतीत हे तितके सोपे राहिलेले नाही.

म्हैसूरच्याच सोमेंदर सिंग यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. शर्यतीची इंजिने तयार करता करता त्यांनी सिलिंडर हेडमध्ये विशिष्ट खाचा पाडण्याची कल्पना काढली. मिश्रण अधिक घुसळले जाऊन चांगले जळावे, हा हेतू. २००१ मध्ये त्यांना तिचे अमेरिकन पेटंटही मिळाले. मोठ्या मोटार कंपन्यांनी ती उचलून धरली नाही, पण म्हैसूरच्या छोट्या कार्यशाळेतला माणूस तिथवर पोहोचला हेही थोडे नाही.

एका शेतकरणीचे पत्र

आता जरा ऑस्ट्रेलियात डोकावू. १९३२ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले. मागणी साधी होती. आम्हाला मोटार आणि ट्रक अशा दोन गाड्या परवडत नाहीत. तेव्हा रविवारी चर्चला जाताना पावसात भिजायला होऊ नये आणि सोमवारी तीच गाडी डुकरे घेऊन बाजारात नेता यावी, अशी काहीतरी बनवा. जिलाँगच्या कारखान्यातील लुईस बँट या विशीतल्या तरुणाने पुढे मोटारीची बैठक आणि मागे तिच्याशी एकसंध जोडलेला हौदा असा आराखडा तयार केला. १९३४ मध्ये गाडी रस्त्यावर आली. ‘युटिलिटी’चे लघुरूप ‘यूट’ हेच तिचे लाडके नाव पडले. पत्र लिहिणाऱ्या त्या बाईंचे नाव मात्र इतिहासाने जपले नाही. बायकांच्या वाट्याला हे नेहमीचेच!

सुतार, प्लंबर, मेंढपाळ अशा सगळ्यांची ही गाडी. तिची शर्यत लागली नसती तरच नवल. २००१ पासून ‘व्ही-एट यूट’ ही मालिका दरवर्षी रंगू लागली. फोर्ड फाल्कन विरुद्ध होल्डन कमोडोर, म्हणजे तिथले घराघरांतले भांडणच. रिकाम्या हौद्यामुळे मागची बाजू हलकी, त्यामुळे वळणावर गाडीचा पार्श्वभाग सटासट घसरे. गाड्या एकमेकींना खेटत, पत्रे चेपत धावत. ही मुख्य शर्यतीच्या आधीची जोडशर्यत असली तरी बाथर्स्टच्या डोंगरावरच्या सव्वासहा किलोमीटरच्या मार्गावर तिला हमखास टाळ्या पडत. प्रेक्षकाला वाटे, ही तर आपल्याच दारातली गाडी!

आपल्याकडेही असा एक प्रयत्न झाला होता. २०१४ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर टाटांनी प्राइमा ट्रकच्या शर्यती सुरू केल्या. पहिल्या वर्षी चालक परदेशी होते. २०१६ मध्ये मात्र प्रशिक्षण दिलेले भारतीय ट्रकचालक त्याच मार्गावर उतरले. ज्या माणसाला एरवी ढाब्यावर आणि चेकनाक्यावर कोणी नाव विचारत नाही, त्याच्यासाठी मांडव भरून लोक ओरडत होते. दुर्दैवाने हा उपक्रम फार वर्षे टिकला नाही.

कारखाना बंद, मग?

१९८५ नंतर शंभर सीसीच्या जपानी तंत्राच्या मोटारसायकली आल्या. हीरो होंडाच्या जाहिरातीत लिटरला ८० किलोमीटरचा दावा असे, तर येझदीची मजल तीसेक किलोमीटरची. त्यात पेट्रोलबरोबर ऑइल जाळायचे आणि धूर सोडायचा. शर्यतीतही यामाहा आरएक्स-१०० ने जुन्या गाड्यांना मागे टाकले. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कामगारांचे प्रश्न चिघळले आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. एक मोटारसायकल इतिहासजमा झाली, असे इतरांना वाटले असेल. यादवगिरीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची घड्याळे लागत होती, त्यांना वेगळेच प्रश्न पडले. चाळिशी उलटलेल्या फिटरला, वेल्डरला दुसरीकडे काम कोण देणार?

ऑस्ट्रेलियात हेच वीस वर्षांनी घडले. छोटी बाजारपेठ, महाग उत्पादन, स्वस्त आयात आणि आटलेली सरकारी मदत. फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथले मोटार उत्पादन थांबवले. २० ऑक्टोबर २०१७ रोजी होल्डनच्या एलिझाबेथ येथील कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. नवी यूटच बनेना, तर तिची शर्यत किती दिवस चालणार? २०१७ हेच जुन्या मालिकेचे अखेरचे वर्ष ठरले.

२०१८ च्या हंगामात ‘सुपरयूट’ या नावाने नवी मालिका आली. गाड्या आयात केलेल्या, चार दारांच्या, डिझेलवर चालणाऱ्या. रायल हॅरिस याने माझदा बीटी-५० चालवत अजिंक्यपद मिळवले. पण लोकांचे मन काही रमेना. व्ही-एटची गर्जना ऐकायला आलेल्यांना डिझेलची घरघर कशी आवडावी? गाड्यांची संख्याही मोजकीच. अखेर संयोजकांनी शहाणपणा केला. २०२१ पासून त्याच परदेशी गाड्यांच्या पोटात ६.२ लिटरचे व्ही-एट इंजिन बसवले आणि गर्जना परत आणली! वरचे कवच एकाचे, इंजिन दुसऱ्याचे. शुद्धतेच्या आग्रहींनी नाके मुरडली, पण मैदानातल्या लोकांना आवाज मिळाला.

योगायोग असा, की त्याच २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महिंद्र समूहाच्या पाठबळावर क्लासिक लेजेंड्स कंपनीने भारतात ‘जावा’ पुन्हा आणली. जानेवारी २०२२ मध्ये ‘येझदी’ही परतली. रुस्तुम यांचे पुत्र बोमन इराणी या कंपनीचे एक भागीदार आहेत. नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, किक मारण्याचा खटाटोप नाही आणि त्या तयार होतात मध्य प्रदेशातील पिथमपूरला. म्हैसूरच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

जुन्या गाड्या मात्र संपलेल्या नाहीत. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर ‘जावा दिन’ साजरा होतो. आपल्याकडे अनेक शहरांत त्या दिवशी सकाळी सकाळी चाळीस-पन्नास वर्षांच्या जावा-येझदी रांगेत उभ्या राहतात. त्यांतल्या कित्येक वडिलांच्या, काहींच्या तर आजोबांच्या. नातू किक मारतो, गाडी हटून बसते. मग शेजारी उभे असलेले आजोबा पुढे होतात, दांडा आत दाबून वर वळवतात आणि एका किकेत निळसर धुराचा लोट उडवून देतात.